ग्रीनलंडला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीनलंड नेमकं कोणाचं? वेगळा देश समजायचा की डेन्मार्कचा भाग?

दोन्ही थोडं थोडं. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राजसत्तेचा भाग आहे. १९७९ पासून तिथे अंतर्गत स्वराज्य आहे आणि २००९ पासून अधिकार आणखी वाढले आहेत. संसद, सरकार आणि भाषा त्यांची स्वतःची, चलन मात्र डॅनिश क्रोन. तिथले लोक आपल्या भूमीला ‘कलाल्लित नुनात’ म्हणतात. लोकसंख्या सुमारे ५७ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी, आणि ती पसरलेली आहे २१ लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या बेटाच्या कडेकडेने. बेटाचा सुमारे ८० टक्के भाग बर्फाखाली आहे.

प्रवाशाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. ग्रीनलंड युरोपीय संघात नाही (१९८५ मध्ये बाहेर पडलं) आणि शेंगेन क्षेत्रातही (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातही) नाही. व्हिसा, विमा आणि मोबाइल यांत लोकांच्या ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ इथेच असतं.

माझ्याकडे शेंगेन व्हिसा आहे. तो चालेल का?

नाही. सर्वांत जास्त सहली इथेच मोडतात, म्हणून थोडं सविस्तर.

भारतीय पासपोर्टवर ग्रीनलंडला जायला ‘ग्रीनलंडसाठी वैध’ अशी स्पष्ट नोंद असलेला व्हिसा लागतो आणि तो डेन्मार्कच्या दूतावासामार्फतच मिळतो. फ्रान्स, जर्मनी किंवा आइसलंडने दिलेला शेंगेन व्हिसा त्यासाठी चालत नाही. डेन्मार्कचा साधा शेंगेन व्हिसाही, त्यावर ही नोंद नसेल तर चालत नाही. आणि नुसता ग्रीनलंडचा व्हिसा घेऊनही भागत नाही, कारण वाट कोपनहेगनवरून किंवा आइसलंडवरून जाते आणि ते दोन्ही शेंगेनमध्ये येतात. म्हणजे परवानगी दोन्हींची हवी.

अर्ज भरताना:

१. मुक्कामाच्या देशांत डेन्मार्क आणि ग्रीनलंड ही दोन्ही नावं लिहा. सोबतच्या पत्रात पहिल्याच ओळीत ग्रीनलंडच्या तारखा आणि गावांची नावं द्या. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रातही तोंडी सांगा, कारण हा अर्ज तिथे रोज येत नाही.

२. एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा.

३. ग्रीनलंडमधल्या हॉटेलांचं आणि आतल्या विमानांचं आरक्षण जोडा. रद्द करता येणारं आरक्षण असेल तर बरं.

४. परतीच्या तारखेपुढे चार-पाच दिवस जास्त मागा. हवामानामुळे अडकलात तर व्हिसा संपायला नको.

५. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला असावा, परतीनंतर निदान ३ महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने १५ दिवसांत निकाल अपेक्षित असतो, पण उन्हाळ्याच्या गर्दीत त्या भरवशावर राहू नका. तीन महिने आधी लागा. पासपोर्ट हातात पडला की तिथल्या तिथे व्हिसाचा कागद वाचा. ग्रीनलंडची नोंद नसेल तर दुरुस्ती भारतात असतानाच होते, कोपनहेगनच्या विमानतळावर नाही.

आम्ही अमेरिकेत राहतो, ग्रीन कार्ड आहे. नेवार्कहून ग्रीनलंडच्या राजधानीला, नूकला, थेट विमान निघालंय म्हणतात.

हो, २०२५ च्या उन्हाळ्यात युनायटेड या विमान कंपनीने हंगामी सेवा सुरू केली. तुमच्या तारखांना ती आहे का, ते आधी पाहा. पण ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिसा लागतोच. थेट जाऊन थेटच परत येणार असाल तर शेंगेनमध्ये पाऊल पडत नाही. तरी परतीचं विमान रद्द होऊन कोपनहेगन किंवा आइसलंडमार्गे यावं लागू शकतं, म्हणून शेंगेनचाही व्हिसा असलेला शहाणपणाचा. अमेरिकी पासपोर्ट असलेल्या ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिक) मंडळींना ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. एकाच कुटुंबात दोन प्रकारचे पासपोर्ट असतील तर आई-बाबांचा व्हिसा विसरून सगळ्यांची तिकिटं काढली जातात. तेवढं सांभाळा.

मुंबई-पुण्याहून जायचं कसं?

आधी कोपनहेगन. तिथून एअर ग्रीनलंडचं विमान साधारण पावणेपाच तासांत नूकला पोचतं. नूकची नवी २,२०० मीटरची धावपट्टी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. त्याआधी मोठं विमान कांगेरलुसुआकला उतरायचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेल्या तळावर, आणि तिथून छोटी विमानं सुटायची. जुनी प्रवासवर्णनं आणि व्हिडिओ अजून तोच मार्ग सांगतात, त्यावर जाऊ नका.

दुसरी वाट आइसलंडची. तिथल्या केफ्लाविक विमानतळावरून नूक, पश्चिम किनाऱ्यावरचं इलुलिस्साट, दक्षिण ग्रीनलंड आणि पूर्वेचं कुलुसुक इथे विमानं जातात, बरीचशी हंगामी. पूर्व किनारा पाहायचा तर हीच वाट सोयीची, कारण पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या मध्ये आख्खी हिमचादर आहे.

तिकीट काढताना कोपनहेगन–नूक–इलुलिस्साट हा सगळा टप्पा एकाच तिकिटावर घ्या. धुक्याने पहिलं विमान चुकलं तर पुढची सोय लावणं मग विमान कंपनीचं काम ठरतं. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडली तरी पुढचं विमान चुकल्याचा सगळा खर्च तुमच्या अंगावर येतो. मुंबई–कोपनहेगन तिकीट वेगळं असेल तर परतताना कोपनहेगनमध्ये निदान दोन रात्री मोकळ्या ठेवा.

विमानं खरंच एवढी रद्द होतात?

होतात. उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं येतं, हिवाळ्यात वादळ, दक्षिणेत डोंगरावरून उतरणारा जोरकस फॉन वारा, पूर्वेला हिमचादरीवरून कोसळणारा ‘पितेराक’. इलुलिस्साटची जुनी धावपट्टी जेमतेम ८४५ मीटरची, तिथे छोटी डॅश-८ विमानंच उतरू शकतात. काही गावांना हेलिकॉप्टरशिवाय वाट नाही. आकाश उघडलं नाही तर वैमानिक निघत नाही. ते योग्यच आहे.

ग्रीनलंडिक भाषेत ‘इमाका’ म्हणजे ‘कदाचित’. उद्याच्या विमानाबद्दल हा शब्द ऐकू आला तर तो टाळाटाळीचा समजू नका, तो अंदाज असतो. दर पाच दिवसांमागे एक दिवस रिकामा ठेवा आणि जे पाहायचंच आहे ते मुक्कामाच्या पहिल्या दिवसात उरका. इलुलिस्साटची हिमनगांची बोट शेवटच्या दिवशी ठेवणारा माणूस बरेचदा ती न पाहता परततो.

दोन दिवसांची औषधं, एक जोड कपडे, चार्जर आणि दात घासायचं सामान हातातल्या पिशवीत हवं. देशांतर्गत विमानांत सामानाची मर्यादा साधारण २० किलो आणि हातात ८ किलो असते. मुंबईहून ३० किलो आणलेत तर नूकला जास्तीचे पैसे मोजावे लागतील.

गाडी भाड्याने घेऊन फिरता येईल का?

नाही. दोन गावांना जोडणारा गाडीरस्ता जवळजवळ कुठेच नाही. नूकमध्ये शहर बस आणि टॅक्सी आहेत, इलुलिस्साटमध्ये टॅक्सी आहे, पण गावाबाहेर रस्ता संपतो. अपवाद कांगेरलुसुआकचा. तिथून हिमचादरीच्या कडेपर्यंत कच्चा रस्ता जातो. फोक्सवागन कंपनीने गाड्यांच्या चाचणीसाठी तो बांधून घेतला होता. गाईडच्या उंच गाडीतून जाऊन ‘पॉइंट ६६०’ला प्रत्यक्ष हिमचादरीवर पाय ठेवता येतो.

बाकी प्रवास विमानाने, हेलिकॉप्टरने किंवा बोटीने. पश्चिम किनाऱ्यावर ‘सारफाक इत्तुक’ हे प्रवासी जहाज काकोर्तोक ते इलुलिस्साट आठवड्यातून एकदा ये-जा करतं. हिवाळ्यात काही काळ ते बंद असतं. ही पर्यटकांची क्रूझ नाही. नोकरीला, दवाखान्यात, नातेवाइकांकडे जाणारी माणसं त्यात असतात. वेळ असेल तर एक टप्पा तरी या जहाजाने करावा. खिडकीतून किनारा पाहत बसणं हाच तिथला कार्यक्रम.

कधी जावं?

काय पाहायचंय त्यावर आहे.

*जून अखेर ते ऑगस्ट:* बोटी, पायवाटा, देवमासे, मध्यरात्रीचा सूर्य. नूकला ७ ते १० अंश, कांगेरलुसुआकला समुद्रापासून आत असल्यामुळे १८-२० अंशही होतात. इलुलिस्साटला मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. नूक आर्क्टिक वृत्ताच्या खाली आहे, तिथे सूर्य मावळतो पण जूनमध्ये रात्रभर अंधार पडत नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्या. खर्च आणि डास दोन्ही याच काळात सर्वाधिक.

*ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर:* आमच्या मते पहिल्या भेटीला हाच काळ. पहिल्या थंडीने डास मरतात, झुडपं लाल-पिवळी होतात, रात्री पुन्हा अंधार पडू लागल्याने ध्रुवीय प्रकाशाची (नॉर्दर्न लाइट्सची) शक्यता असते आणि बोटीही चालू असतात.

*फेब्रुवारी अखेर ते एप्रिल:* कुत्र्यांच्या घसरगाड्या. दिवस मोठा होत असतो, बर्फ घट्ट असतो. इलुलिस्साटला उणे १५ आणि कांगेरलुसुआकला उणे ३० किंवा त्याखाली, ही तयारी ठेवा.

*नोव्हेंबर ते जानेवारी:* इलुलिस्साटला नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य जातो तो १३ जानेवारीच्या सुमारास परत येतो. गाव टेकडीवर जमून त्याचं स्वागत करतं. पहिल्या भेटीसाठी हा काळ नको.

पहिल्यांदाच जातोय, ८-१० दिवस आहेत. काय काय बसेल?

नूकला दोन रात्री, इलुलिस्साटला चार, एक-दोन दिवस मोकळे. एवढंच. नकाशावर सगळं जवळ दिसतं आणि लोक दक्षिण, पूर्व, डिस्को बेट सगळं कोंबतात. मग सुट्टी विमानतळांवर जाते.

नूकला राष्ट्रीय संग्रहालय चुकवू नका. १९७२ मध्ये किलाकित्सोक इथे सापडलेल्या, १५ व्या शतकातल्या बायका-मुलांच्या ममी तिथे आहेत. थंडी आणि कोरड्या हवेमुळे त्यांचे कातडी कपडेही टिकले आहेत. थंडीत माणूस कसा जगला, ते या कपड्यांवरून कळतं.

इलुलिस्साटची बर्फाची खाडी २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. सेर्मेक कुयाल्लेक ही जगातल्या सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी एक. तिथून तुटलेले हिमनग खाडीच्या तोंडाशी समुद्रतळावर अडकून बसतात, म्हणून ते गावासमोर वर्षभर दिसतात. गावाच्या कडेला २०२१ मध्ये उघडलेलं आइसफ्योर्ड केंद्र आहे. तिथून सेर्मेर्मियुत या जुन्या वस्तीपर्यंत लाकडी फळ्यांची वाट जाते. अंतर दीड किलोमीटरच्या आत. आजी-आजोबांनाही जमते. पुढे रंगांच्या खुणांच्या पायवाटा आहेत. निळी सर्वांत लांब, ७ किलोमीटरच्या आसपास, आणि तीच सर्वांत सुंदर. वाट खडकाळ आहे, पाच तास हाताशी ठेवा.

दुसऱ्या भेटीसाठी दक्षिण राखून ठेवा. मेंढ्यांची कुरणं, नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) लोकांना इथे आणणाऱ्या एरिक द रेडची कासियारसुकची वसाहत आणि ह्वाल्सेचं दगडी चर्च, जिथल्या १४०८ च्या लग्नाची नोंद ही तिथल्या नॉर्स वस्तीची शेवटची लेखी खूण आहे.

सेर्मेर्मियुतच्या किनाऱ्यावर उतरू नका अशी पाटी आहे. समुद्र तर शांत दिसतो.

शांत दिसतो म्हणूनच पाटी आहे. खाडीत एखादा मोठा हिमनग फुटला किंवा उलटला की काही मिनिटांत प्रचंड लाट किनाऱ्यावर चढते. दगडावर बसलेल्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. फोटोसाठीही खाली उतरू नये.

हाच नियम बोटीला. हिमनगाचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो, आणि तो झिजला की तोल बदलून नग क्षणात उलटतो. चांगला नावाडी नगाच्या उंचीच्या कितीतरी पट अंतर राखतो. ‘अजून जवळ घ्या ना’ म्हणून त्याच्या मागे लागू नका.

कपडे काय घ्यावेत? मनालीला घेतलेलं जॅकेट चालेल का?

उन्हाळ्यात चालेल, वारा अडवणारं असेल तर. एका जाड कोटापेक्षा तीन थर बरे: अंगाला लागून मेंढीची लोकर किंवा सिंथेटिक, मधे फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारं. सुती बनियन आणि जीन्स अंगाला लागून नकोत. सूत घाम धरून ठेवतं आणि थांबलात की ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. थंडी भरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

लोक जुलैचं तापमान पाहून हलके येतात आणि बोटीवर गारठतात. हिमनगांमधलं पाणी शून्याच्या आसपास असतं, बोट धावते आणि वारा अंगावर येतो. जुलैतही कानटोपी, हातमोजे आणि लोकरी मोजे बोटीसाठी जवळ हवेतच. घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट महिनाभर आधी घालून सवय करा. ऑक्टोबर ते मे बुटांना अडकवायचे खिळ्यांचे पट्टे लागतात, नाहीतर गावातल्या उतारावरच हातपाय मोडतात.

हिवाळ्यात घसरगाडीवर जाताना चालक लोकरी किंवा सीलच्या कातड्याचा पोशाख बहुधा भाड्याने देतात. बुक करतानाच विचारा. तासन्‌तास न हलता बसायचं असतं, तेव्हा बूट एक माप मोठे असावेत. घट्ट बुटात बोटं आधी बधिर होतात.

बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं, गॉगल आणि सनस्क्रीन हवं. मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा. थंडीत ६० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो आणि ऊब मिळाली की पुन्हा चालू होतो.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण तयारी लागेल. तिथली जमीन भाजीपाला देत नाही. दक्षिणेत बटाटे आणि थोडी भाजी होते, बाकी सगळं डेन्मार्कहून जहाजाने येतं. स्थानिक जेवण म्हणजे सील, देवमासा, रेनडिअर, कस्तुरी बैल, हॅलिबट आणि कोळंबी. ‘सुआसात’ या सूपमध्ये बटाटे-तांदूळ दिसले तरी ते बहुधा सीलच्या मांसाचं असतं. ‘मत्ताक’ म्हणजे देवमाशाची कातडी चरबीसकट.

नूक आणि इलुलिस्साटच्या मोठ्या दुकानांत ब्रेड, अंडी, चीज, ओट्स, डबाबंद राजमा-चणे, बटाटे, गाजर, कोबी, गोठवलेल्या भाज्या मिळतात. छोट्या वस्त्यांत ‘पिलेर्सुइसोक’ हे एकच दुकान असतं आणि जहाज उशिरा आलं तर फडताळं रिकामी. दोन्ही शहरांत थाई जेवण मिळतं. मात्र ‘फिश सॉस नको’ हे स्वतंत्रपणे सांगा, भाजी म्हटलं तरी तो पडतो. बोटीच्या सहलीचं जेवण दोन दिवस आधी कळवा.

मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या होस्टेलात किंवा अपार्टमेंटमध्ये घ्या, खर्चही निम्म्यावर येतो. भारतातून नेण्याजोगं: पातळ पोहे, भाजून तयार केलेलं उपीट, मेतकूट, सातूचं पीठ, मूगडाळ, तांदूळ, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, चिक्की, गोडा मसाला. माणशी आठ दिवसांना तीन-साडेतीन किलो पुरतं.

काय नेऊ नये तेही महत्त्वाचं. कोपनहेगनला उतरता म्हणजे युरोपीय संघाचे नियम लागू होतात. बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्यात साजूक तूप, खवा, पेढे, पनीर सगळं आलं. ताजा कढीपत्ता, आंबे, मिरच्या यांनाही प्रमाणपत्र लागतं. कढीपत्ता वाळवून, कुटून चटणीतच घाला.

पिण्याचं पाणी?

नळाचं प्या. उत्तम असतं. बाटल्या विकत घेणं हा निव्वळ अपव्यय आहे.

खर्च किती? कार्ड चालतं का?

क्रोनचा रुपयातला दर निघण्याआधी पाहून घ्या. उन्हाळ्यात इलुलिस्साटला बऱ्या हॉटेलची खोली १,५०० ते २,५०० क्रोनला जाते, साधं बाहेरचं जेवण १५०-२५०, हिमनगांची दोन-अडीच तासांची बोट ६०० ते ९००. सर्वांत मोठा खर्च मात्र आतल्या विमानांचा. ती तिकिटं सहा महिने आधी काढावीत, कारण विमानंच छोटी. जागा आधी संपतात, मग खोल्या.

शहरांत कार्ड सगळीकडे चालतं. यूपीआय नाही. छोट्या वस्त्यांत नेटवर्क गेलं की कार्डही जातं, तेव्हा कोपनहेगनहून माणशी हजार-दीड हजार क्रोन रोख आणा. टीप देण्याची पद्धत नाही. मूल्यवर्धित करच नाही, त्यामुळे विमानतळावर कर परत मिळण्याचाही प्रश्न नाही.

फोन, इंटरनेट, प्लग, घड्याळ?

युरोपचं म्हणून घेतलेलं सिम किंवा ई-सिम बहुतेकदा ग्रीनलंडमध्ये चालत नाही. युरोपीय संघाबाहेर असल्याचा हाही परिणाम. पॅकच्या यादीत ‘ग्रीनलंड’ हे नाव वाचूनच घ्या, किंवा नूकला ‘तुसास’ या तिथल्या कंपनीचं सिम घ्या. गावाबाहेर गेलात की सिग्नल संपतो. पूर्व आणि उत्तर भागात इंटरनेट मंद आणि महाग असतं. नकाशे आधी उतरवून ठेवा.

वीज २३० व्होल्ट. आपल्या चार्जरची बारीक दोन पिनांची टोकं डॅनिश प्लगात बसतात, जाड तीन पिनांची नाही. देशाच्या बहुतेक भागात वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेसात तास मागे, उन्हाळ्यात साडेसहा. म्हणजे तिथे हिवाळ्यात दुपारचे १२ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात.

आजारी पडलो तर?

मोठं रुग्णालय एकच, नूकचं क्वीन इन्ग्रिड रुग्णालय. इतर शहरांत लहान दवाखाने, वस्त्यांत फक्त आरोग्यसेवक. गंभीर रुग्णाला आधी हेलिकॉप्टर किंवा विमानाने नूकला आणि गरज पडल्यास कोपनहेगनला हलवतात. त्याचं बिल घर विकायला लावेल इतकं होऊ शकतं.

म्हणून विमा. व्हिसासाठी ३० हजार युरोचं किमान कवच लागतं, पण तेवढ्यावर थांबू नका. पॉलिसीत तीन गोष्टी शोधा: ‘ग्रीनलंड’ हे नाव (फक्त ‘शेंगेन देश’ लिहिलेली पॉलिसी इथे नाकारली जाऊ शकते), रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च, आणि हवामानामुळे वाढलेल्या मुक्कामाचा खर्च. बर्फावर चालणं, घसरगाडी, कयाक यांना अनेक पॉलिसी ‘साहसी खेळ’ म्हणून वगळतात. रक्तदाब-मधुमेहाची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा दहा दिवस जास्त, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, तेव्हा ते अंगाजवळच्या खिशात. मुक्कामाला पोचलात की त्या गावचे पोलीस आणि दवाखाना यांचे नंबर लिहून घ्या.

अस्वलं, कुत्रे, डास: भीती कशाची धरायची?

क्रमाने सांगायचं तर आधी डास, मग कुत्रे, मग अस्वलं.

डास जून अखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत असतात. रोग पसरवत नाहीत, पण ढगासारखे येतात आणि नाकातोंडात जातात. टोपीवरून घ्यायची बारीक जाळी भारतातूनच आणा. ती गडद रंगाची असावी, पांढऱ्या जाळीतून समोरचं नीट दिसत नाही. कॉइल उघड्यावर निरुपयोगी.

घसरगाडीचे कुत्रे पाळीव नसतात, कामाचे असतात. साखळीच्या टप्प्यात जाऊ नका, खाऊ घालू नका, मुलांना हात लावू देऊ नका. पिल्लं मोकळी फिरतात आणि गोड दिसतात, पण आई जवळच बांधलेली असते. कोल्ह्यांत रेबीज आढळतो, म्हणून जवळ येणाऱ्या, न घाबरणाऱ्या कोल्ह्यापासून दूर राहा. चावा बसलाच तर जखम साबणाने १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना.

कांगेरलुसुआकभोवती कस्तुरी बैल दिसतात. स्थिर उभा राहून फुरफुरणारा बैल शांत नसतो, इशारा देत असतो. शंभरेक मीटरच्या आत जाऊ नका.

ध्रुवीय अस्वलं मुख्यतः उत्तरेला आणि पूर्वेला. तिथे बंदूकधारी गाईडशिवाय गावाबाहेर पडायचं नाही. ईशान्येच्या राष्ट्रीय उद्यानात, जे जगातलं सर्वांत मोठं आहे, जायला आणि हिमचादर ओलांडायला सरकारी परवाना लागतो.

सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत. आर्क्टिक सर्कल ट्रेल जमेल का?

अंगात ताकद असेल तर जमेल, पण तुलना सह्याद्रीशी नको. चढ फार नाहीत. अडचण वेगळीच: कांगेरलुसुआक ते सिसिमिउत सुमारे १६० किलोमीटर, आठ ते दहा दिवस, आणि वाटेत एकही गाव, दुकान किंवा चहाची टपरी नाही. सगळं अन्न पाठीवर. वाटेत साध्या झोपड्या आहेत, फुकट, पण आधी येईल त्याला जागा. म्हणून तंबू हवाच.

बेत बिघडतो तो दलदलीने आणि नद्यांनी. पाय रोज ओले होतात. कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. पावसानंतर नदी मांडीपर्यंत चढू शकते. ती सकाळी, रुंद आणि उथळ जागी, पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून ओलांडावी. पाणी वाढलेलं असेल तर तंबू लावून थांबायचं, त्यासाठी दोन दिवसांचं अन्न जास्त. होकायंत्र वापरणाऱ्यांनी नकाशावर छापलेला चुंबकीय फरक पाहूनच दिशा धरावी, तो इथे खूप मोठा असतो. मोबाइल चालत नाही, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घ्या. गॅसची नळकांडी विमानात नेता येत नाहीत, कांगेरलुसुआकला मिळतात, कधी संपलेलीही असतात. आधी विचारून ठेवा. जून मध्य ते सप्टेंबर मध्य हाच हंगाम.

लोकांशी कसं वागावं?

‘एस्किमो’ हा आपल्या शालेय पुस्तकांतला शब्द तिथे वापरू नका. इनुइट किंवा कलाल्लित म्हणा. ‘कुयानाक’ म्हणजे आभार, ‘आप’ म्हणजे हो, ‘नामिक’ म्हणजे नाही. लोक अबोल वाटतात, पण तो तुसडेपणा नसतो. सील आणि देवमाशाची शिकार ही त्यांच्या जेवणाची आणि घराची गोष्ट आहे. बंदरावर मांस कापताना पाहून तोंड वेंगाडणं किंवा प्रवचन देणं, दोन्ही टाळा. फोटो विचारून.

‘काफेमिक’चं बोलावणं आलं तर जरूर जा. वाढदिवस किंवा मुलाच्या शाळेचा पहिला दिवस अशा निमित्ताने घर उघडं असतं, कॉफी आणि केक मांडलेले असतात. बूट दारात काढायचे, खायचं, थोडं बसायचं आणि पुढच्या पाहुण्याला खुर्ची मोकळी करून उठायचं.

आठवण म्हणून काय आणता येईल?

नारव्हाल या देवमाशाचा दात, वॉलरसचा सुळा, देवमाशाचं हाड, ध्रुवीय अस्वलाची नखं घेऊ नका. दुकानात राजरोस मिळतात, पण संरक्षित प्राण्यांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांमुळे सीमेवर जप्त होतात आणि वर चौकशी. सीलच्या कातड्याच्या आयातीला भारतात बंदी आहे, तेव्हा हातमोजे कितीही आवडले तरी ठेवून या. रेनडिअरच्या शिंगात कोरलेला ‘तुपिलाक’ हा छोटा भुताचा पुतळा किंवा कस्तुरी बैलाच्या लोकरीची, ‘किविउत’ची, टोपी बिनधास्त घ्या. लोकर महाग आहे, पण वजनाला काहीच नाही आणि मेंढीच्या लोकरीपेक्षा कितीतरी उबदार. पावतीवर प्राण्याचं नाव लिहून घ्या, मुंबईच्या कस्टमला शिंग कशाचं हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.